वाळवंटातला माळ

जैसलमेरला जाणाऱ्या मराठी पर्यटकाचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी किल्ला, दुपारी पटवांच्या हवेल्या, आणि उन्हं कलली की जीपमध्ये बसून सम गाठायचं. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या त्या वाळूच्या टेकाडांवर उंटाची फेरी, सूर्यास्ताचे फोटो, रात्री तंबूंच्या वस्तीत नाचगाणी आणि डाळ-बाटी. झालं वाळवंट पाहून! पण समच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जो खुरटा, खडकाळ, भकास मुलूख मागे पडत जातो, त्याच्याकडे गाडीतलं कुणी मान वळवूनसुद्धा पाहत नाही. या जिल्ह्यात येऊन पाहायचं ते खरं तर तेच.

डेझर्ट नॅशनल पार्क, म्हणजे राष्ट्रीय मरू उद्यान, याच मुलखात पसरलेलं आहे. क्षेत्रफळ 3162 चौरस किलोमीटर. त्यातलं 1900 जैसलमेर जिल्ह्यात, 1262 बारमेर जिल्ह्यात. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्यांच्या पाचपटीहून मोठं. आणि एवढ्या मोठ्या प्रदेशात वाळूच्या टेकड्या किती? साधारण पाचवा हिस्सा. बाकी सगळी कातळाची पठारं, गोट्यांची मैदानं, पावसाळ्यात पाणी साचून नंतर खारवट पापुद्रा धरणारे खोलगट तळ, आणि गवत. खूप गवत.

वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आत पाऊस. आपण ज्यांना कायमचे दुष्काळी म्हणतो त्या माण आणि सांगोला तालुक्यांत याच्या दुपटीहून अधिक पडतो. आणि इथला तेवढासा पाऊसही दरवर्षी पडेलच असं नाही. उन्हाळ्यात पारा 48 अंशांच्या आसपास जातो, जानेवारीतल्या पहाटे शून्याला टेकायला येतो. अशा हिशेबात मोठं झाड बसत नाही, पण गवत बसतं. सेवण हे इथलं मुख्य गवत. बहुवर्षायू, झुबक्यांनी वाढणारं. त्याचा सगळा पसारा जमिनीखाली असतो. वरचं वाळून, चरून, उडून गेलं तरी मूळ वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि एक चांगली सर आली की हिरवं होतं. त्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली आहे. पूर्वी उंटाच्या हलक्या नांगराने शेत केलं तरी सेवणचे झुबके टिकून राहत. ट्रॅक्टरच्या फाळाने ते मुळासकट उपटले जातात, आणि मग खालची वाळू मोकळी होते. पर्यटक ज्या उडत्या वाळूच्या शोधात येतो, ती बऱ्याच ठिकाणी माणसाने गवत काढल्यावर सुटलेली आहे.

झाडं आहेत, पण सुटी सुटी. खेजडी सगळीकडे भेटते. ही आपली शमी. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, आणि केराच्या फळांबरोबर शिजवली की ती केर-सांगरी, जी शहरातल्या हॉटेलात आज सोन्याच्या भावाने मिळते. रोहिड्याला हिवाळा सरताना केशरी-पिवळी फुलं येतात. राजस्थानचा राज्यवृक्ष खेजडी, राज्यपुष्प रोहिडा, राज्यप्राणी चिंकारा आणि राज्यपक्षी गोडावण हे चौघेही या एका उद्यानात दिसू शकतात. चौथा दिसेलच याची खात्री मात्र कुणी देऊ नये, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

इथं पाहण्याची रीत जंगलापेक्षा वेगळी आहे. ताडोब्यात वाघ झाडाआड असतो, म्हणून आपण थांबून कानोसा घेतो. इथं आडोसाच नाही. सगळं समोर उघडं आहे, आणि तरीही काही दिसत नाही. कारण जे आहे ते मातीच्या रंगाचं, हालचाल न करणारं आणि लांब आहे. पहिला तास बहुतेकांचा कंटाळ्यात जातो. नंतर डोळा सरावतो. दगड समजलेली वस्तू उठून धावू लागते आणि तो धाविक पक्षी निघतो. बोरीच्या झुडपाची सावली मान वळवते आणि चिंकारा होते. शेपटीचं टोक पांढरं असलेलं खोकड बिळाच्या तोंडाशी उन्हं खात बसलेलं असतं.

सांडा पाहायचा तर गाडीतून उतरून जमिनीकडे पाहावं लागतं. हा काटेरी शेपटीचा सरडा, घोरपडीपेक्षा बराच लहान, आणि सरड्यांच्या दुनियेत विरळा असा मुख्यतः पालाखाऊ. कडक भुईत त्याची तिरपी बिळं असतात. सकाळी ऊन चढलं की बाहेर येऊन तोंडाशी पसरतो. अंग गार असताना काळपट दिसतो, तापलं की फिका पडतो. पावलाचा आवाज आला की मागे सरकत नाहीसा. संध्याकाळी आत गेल्यावर बिळाचं तोंड आतून मातीने लिंपून घेतो. सापमार गरुड, लग्गर ससाणा, खोकड, घोरपड, साप, सगळ्यांच्या ताटात तो असतो. या माळाचा अर्धा कारभार त्याच्या जिवावर चालतो म्हणायला हरकत नाही. दुर्दैवाने माणसाच्या ताटातही, आणि त्याहून अधिक बाटलीत. त्याच्या चरबीच्या तेलाने सांधे बरे होतात, मर्दानगी वाढते, असा समज आहे. त्याला कसलाही आधार नाही आणि तेल विकणं गुन्हा आहे, तरी जत्रेतून ते मिळतंच.

पखुर्ड्यांचं काम वेगळं. हे कबुतराएवढे पक्षी कोरड्या बिया खातात, म्हणून त्यांना रोज पाणी लागतं. सकाळी ठराविक वेळेला थवेच्या थवे आवाज करत पाणवठ्यावर उतरतात, भराभर घोट घेतात आणि उडून जातात. विणीच्या काळात नर जरा रेंगाळतो. पोट पाण्यात टेकवून अंग हलवतो. त्याच्या पोटाखालच्या पिसांची रचना अशी, की ती पाणी शोषून धरतात. मग तो ओल्या पोटाने कित्येक किलोमीटर उडत पिलांकडे जातो आणि ती चोचीने पिसं ओढून पाणी पितात. मीड-वॉल्डो नावाच्या इंग्रज पक्षिप्रेमीने 1896 मध्ये पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांवरून हे लिहिलं तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. कलहारीत केड आणि मॅक्लीन या दोघांनी 1967 मध्ये ते प्रत्यक्ष दाखवून दिलं, तेव्हा कुठे वाद मिटला.

वाळवंटातल्या लोकांच्या निरीक्षणांनाही मान्यता मिळायला असाच वेळ लागतो, आणि कधी ती भलत्याच वेषात येतात. इथं पीवणा नावाच्या सापाची दहशत आहे. तो रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास पिऊन टाकतो म्हणतात. साप श्वास पीत नाही. पण सिंधी मण्यार रात्री फिरते, उबेला अंथरुणात शिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण धड दिसत नाही, आणि विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सकाळी माणूस दम कोंडून मेलेला सापडला तर घरच्यांनी दुसरं काय म्हणावं? कारण चुकीचं, पण लक्षण अचूक टिपलेलं. खाटेवर झोपण्याची इथली सवयही त्यातलीच. पाहुण्याने ती जरूर उचलावी, आणि दंशाची नुसती शंका आली तरी मंत्र-तंत्रात वेळ न घालवता रुग्णालय गाठावं.

माणसांचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं, की या उद्यानात सत्तरच्या वर गावं आहेत, शिवाय ढाण्या नावाच्या विखुरलेल्या वस्त्या. 1980 मध्ये हे अभयारण्य म्हणून जाहीर झालं, पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान करण्याचा इरादा जाहीर झाला. त्यासाठी लोकांचे हक्क निकाली काढावे लागतात, आणि ते कधीच पूर्ण झालं नाही. त्यामुळे पाटीवर राष्ट्रीय उद्यान, कायद्याने अभयारण्य, आणि प्रत्यक्षात मेंढ्या-बकऱ्यांचा चराऊ मुलूख, असा तिहेरी कारभार आहे. रस्ता, वीज, नळ यांसाठी इथल्या गावांना परवानग्यांच्या फेऱ्या माराव्या लागतात आणि त्याचा राग, ज्याच्यासाठी हे सगळं राखायचं त्या गोडावणवर निघतो. तो राग मला समजतो. गवत राखून ज्यांनी पिढ्यानपिढ्या हा पक्षी सांभाळला, त्यांच्याच वाट्याला बंदी आणि बाहेरच्या कंपन्यांच्या वाट्याला जमीन, हा न्याय कुणालाही पटणार नाही.

कारण राखणं हे इथं नवं नाही. देवाच्या नावाने सोडलेल्या ओरणी आहेत. तिथली फांदी तोडायची नाही, गुरं मात्र चरू द्यायची. जैसलमेरजवळची देगराय मातेची ओरण त्यांतली मोठी. पालीवाल ब्राह्मणांनी शतकांपूर्वी बसवलेली खडीनं आहेत: खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खोलगट शेतात मातीच्या बांधाने अडवायचं, ते मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचा. दोनशे मिलिमीटरच्या आतल्या पावसावर, विहिरीशिवाय गहू!

पण अक्कल पाहायची तर कुंई नावाच्या विहिरीची. इथलं खोल भूजल खारट असतं. काही भागांत मात्र वाळूच्या खाली, त्या खाऱ्या पाण्याच्या बऱ्याच वर, जिप्समचा पट्टा असतो. पाऊस वाळूत मुरतो आणि या पट्ट्यावर अडतो. ते पाणी वाहत नाही, साचत नाही, फक्त ओल म्हणून वाळूच्या कणांत धरून राहतं. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात-हात भेगा पडतात आणि खालची ओल त्यांतून उडून जाते. वाळू फाटत नाही, म्हणून ओल कोंडलेली राहते. या ओलीपर्यंत हाताने अरुंद विहीर खणायची, इतकी अरुंद की खणणारा उकिडवा बसून लहान दांड्याच्या हत्याराने काम करतो. वरून लोक मूठ-मूठ वाळू जोराने आत फेकतात, त्याने खालची कोंदट हवा हलते. वाळू ढासळू नये म्हणून खींप झुडपाचा जाड दोर वेटोळ्यांनी रचत बांधकाम करत न्यायचं. मग चोहोबाजूंची ओल थेंबाथेंबाने त्या पोकळीत झिरपते. दिवसाला काही घागरी, पण गोड पाणी. तोंड अरुंद ठेवायचं, म्हणजे जमलेलं पाणी कमी पसरतं आणि कमी उडतं. वाळवंटावर पुस्तकं लिहिणाऱ्या अनुपम मिश्र यांनी ही विद्या हिंदीत सविस्तर नोंदवून ठेवली नसती तर आपल्याला तिचा पत्ताही लागला नसता. इंदिरा गांधी कालवा आल्यावर जिल्ह्याच्या काही भागांत नळाला पाणी आलं, हिरवी शेतं आली, आणि कुंया बुजत चालल्या. कालव्याने लोकांचं आयुष्य सोपं केलं यात शंका नाही. सेवणचा माळही त्यानेच खाल्ला.

आता गोडावण. म्हणजे आपला माळढोक.

उंची मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. टोळ, भुंगे, बोरं, धान्य, प्रसंगी सांडा, सगळं खातो. पावसाळ्याच्या सुमारास नर उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याखालची पिशवी फुगवून ती छातीपुढे लोंबू देतो, शेपूट पाठीवर उलटी करतो आणि घुमतो. मादी उघड्या जमिनीवर घरटं न बांधता वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. कुत्री, खोकड, घोरपड यांतून ते वाचलं तर पिल्लू. एवढ्या कमी वेगाने वाढणारी जात शिकारीला टिकत नाही. 1978-79 च्या हिवाळ्यात अरबस्तानातून राजघराण्यातले शिकारी ससाणे घेऊन हुबारा या माळढोकाच्याच कुळातल्या पक्ष्याच्या शिकारीला जैसलमेरला उतरले तेव्हा जयपुरात लोकांनी मोठं आंदोलन केलं, आणि माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांचा प्रश्न देशभर पोचला. या उद्यानाची घोषणा त्यानंतरची. 1969 मध्ये धर्मकुमारसिंहजींनी देशभरात सुमारे 1260 पक्षी असावेत असा अंदाज केला होता. 2018 च्या सुमाराचा अंदाज दीडशेचा. त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात: काही या उद्यानात सुदासरीच्या आसपास, काही पोखरणच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात. जिथं तोफा डागतात तिथं पक्षी टिकला, कारण तिथं दुसरं कुणी जात नाही.

शिकार थांबल्यावर वीज आली. जैसलमेरचं ऊन आणि वारा, दोन्ही विकले जाऊ लागले. पवनचक्क्या, सौर पट्ट्यांची मैलोन्‌मैल शेतं आणि ती वीज बाहेर नेणाऱ्या उच्चदाबाच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. बाजूचं चांगलं दिसतं, समोरचं कमी. उडताना तो खाली जमीन न्याहाळत जातो, आणि जड अंगाला ऐन वेळी वळता येत नाही. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. थर वाळवंटातल्या 4200 चौरस किलोमीटरच्या टापूत तारांमुळे वर्षाला सगळ्या जातींचे मिळून सुमारे 84,000 पक्षी मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये माळढोकाच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. सरकारने सांगितलं की एवढ्या मोठ्या क्षेत्रात हे तांत्रिकदृष्ट्या आणि पैशाच्या दृष्टीनेही जमणार नाही. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला.

दरम्यान सम इथं 2019 मध्ये आणि नंतर रामदेवरा इथं पैदास केंद्रं उभी राहिली. माळावरची अंडी उचलून उबवणयंत्रात उबवायची, हे काम नाजूक आणि जोखमीचं होतं, पण जमलं. ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. ते तंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी अबुधाबीच्या हुबारा संवर्धन संस्थेकडून शिकून घेतलं. हुबाराची शिकार करणाऱ्या अरबांनीच हुबारा पैदा करण्याची विद्या कमावली आणि ती आपल्या कामी आली. एका हिवाळ्यातल्या भांडणाचा असाही शेवट होतो. 2024 अखेर बंदिस्त पक्ष्यांची संख्या चाळिसावर होती. ते सोडायचे कुठे, हा प्रश्न पुढचा आणि त्याहून अवघड.

अवघड का, याचं उत्तर आपल्या घरात आहे. महाराष्ट्राने 1979 मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर केलं, कागदावर 8496 चौरस किलोमीटर. त्यात गावं, शहरं, ऊस, सगळंच आलं, आणि स्वतःच्या जमिनीचे व्यवहार अडकलेला शेतकरी माळढोकाला शिव्या देऊ लागला. पुढे ते 1222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर बहुतेक पक्षी गेले होते. याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर आज काळवीट आहेत, लांडगे आहेत, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. माळढोक अधूनमधून एखादा दिसल्याची बातमी होते. उरलेल्या माळाचं आपण काय केलं? महसुली दप्तरात तो पडीक, सरकारी पडीक जमिनींच्या नकाशातही पडीक. मग वनीकरण म्हणून त्यावर झाडं लावा, नाहीतर उद्योगाला द्या. गवताळ माळ ही स्वतःच एक भरलेली, चालती-बोलती परिसंस्था आहे, तिथं झाड लावणं म्हणजे जंगल तोडण्याइतकंच नुकसान, हे वृक्षप्रेमाच्या भाषणात बसत नाही. थर आणि नान्नज यांचं दुखणं मुळात हे एकच आहे. तारा नंतर आल्या.

जायचंच असेल, आणि जावंच, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. परवानगी जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयातून मिळते, ती आदल्या दिवशी काढून ठेवा. मुक्कामाला समच्या तंबूंपेक्षा सुदासरीच्या बाजूचं शांत ठिकाण निवडा. ध्वनिवर्धक लावून वाळवंट दाखवणाऱ्यांना पैसे देऊ नका. पहाटे निघा, दहानंतर जमिनीवरून गरम हवेच्या लहरी उठतात आणि दुर्बिणीतलं सगळं थरथरू लागतं. मेलेल्या गुराभोवती गिधाडं जमली असतील तर तिथं बराच वेळ द्या. हिवाळ्यात एकाच ठिकाणी चार-पाच जातींची गिधाडं दाखवणाऱ्या जागा देशात थोड्या आहेत. परतताना शहरापासून 17 किलोमीटरवरचं आकल पाहून घ्या. तिथं अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे दगड झालेले ओंडके पडले आहेत. जिथं आज खेजडी एकेकटी उभी आहे तिथं तेव्हा घनदाट अरण्य होतं.

आणि एक विनंती. चालक उत्साही असतात. पाहुण्याला गोडावण जवळून दाखवला तर बक्षिसी वाढते हे त्यांना ठाऊक असतं, आणि गाडी चाकोरी सोडून गवतात घालायला ते तयार असतात. तुम्ही त्यांना नाही म्हणा. विणीचा हंगाम नसेल तर काय बिघडतं, असं ते म्हणतील. सेवणचे झुबके चाकाखाली मोडतात, सांड्याची बिळं बुजतात, आणि उडालेला प्रत्येक माळढोक तारांच्या दिशेला उडू शकतो. दुर्बिणीतून, लांबून, अर्धा-मुर्धा दिसला तर तेवढाच पाहून परत या.